फुकटच्या मातीची परीक्षा

हिसानोबाईंच्या घरात दिवसातून एकदाच कोणीतरी बोलत असे, आणि ते न्हाणीघरातलं पाणी तापवायचं यंत्र होतं. संध्याकाळी बटण दाबलं की थोड्या वेळाने त्यातली बाई गोड आवाजात सांगायची, "स्नानाचं पाणी तयार आहे." हिसानोबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "हो, आलेच." एवढं बोलणं झालं की दिवस संपला. तशी ती यंत्रातली बाई स्वभावाने चांगली होती. उलट बोलत नसे, कोणाची निंदा करत नसे, बोलावल्याशिवाय येत नसे. पण चहाला थांबत नसे, एवढी एक उणीव तिच्यात होती.

नवरा जाऊन दुसरा हिवाळा सरला, तेव्हा मुलगा तोमोहारु सेंदाईहून आला आणि दारात उभी असलेली वडिलांची मोटार विकून गेला. हिसानोबाईंना मोटार चालवता येत नव्हती, तेव्हा त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. पण मोटार गेली तरी जाताना तिने आपली जागा बरोबर नेली नाही. फाटकाच्या आत खडी पसरलेला एक लांबट चौकोन तसाच उरला, आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच्यावरच उघडत होती. भांडी घासताना मान वर केली की चौकोन. तांदूळ धुताना मान वर केली की चौकोन. "राहू दे की, पाहुण्यांची गाडी लावायला उपयोगी पडेल," तोमोहारु म्हणाला. हिसानोबाईंनी मान डोलावली. कोणते पाहुणे, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

जपानमधल्या उत्सुनोमिया शहराच्या कडेला टेकडीवर ही वसाहत बसली, तेव्हा हिसानोबाई नव्या नवरी होत्या. त्या काळी या गल्लीत शांतता अशी नव्हतीच. सकाळी गाद्या वाळत घालताना बायका एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गप्पा मारायच्या. कोणाच्या घरी सोया सॉस संपला, कोणाच्या सासूने कोणाला काय म्हटलं, हे गाद्या पलटायच्या आत सगळ्या गल्लीला ठाऊक व्हायचं. तेव्हा त्या फार वैतागायच्या. नवऱ्याला म्हणायच्या, "या वसाहतीत माणसाला दोन घटका एकटं बसता येत नाही." आता बसता येत होतं. दर दुसऱ्या घराची झडप खाली होती आणि उरलेल्या घरांतली माणसं कचऱ्याच्या दिवशी, आपापली पिशवी जाळीखाली सारताना, एकमेकांना वाकून नमस्कार करायची आणि आत जायची. जाळी कावळ्यांसाठी होती. कावळेच काय ते मोकळेपणाने बोलत.

अशा दिवसांत टेकडीच्या पायथ्याशी एका शेतात पाटी लागली. शेत विकलं गेलं होतं, तिथे औषधांचं मोठं दुकान आणि त्याचा वाहनतळ होणार होता, आणि वरची काळी माती खरवडून काढायचं काम चालू होतं. पाटीवर लिहिलं होतं, "शेतातली माती. फुकट. मोकळ्या मनाने न्यावी." खाली ठेकेदाराचा फोन नंबर.

हिसानोबाई भाजीची ढकलगाडी घेऊन चढ चढत होत्या, त्या तिथेच थांबल्या. काळी माती उन्हात वाफाळत होती. त्यांच्या डोळ्यांसमोर तो खडीचा चौकोन आला आणि त्यावर ही माती, आणि मातीवर मुळे, वांगी, काकडीचा वेल. खिडकीतून मान वर केली की हिरवं दिसेल. विचार इतका साधा होता की त्यातून काही वाईट निघेल अशी शंका देवालाही आली नसती.

पण दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या जागी त्या मियोशी-सानना बोलून बसल्या.

मियोशी-सान समोरच्या घरात राहत. (इथे 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'; हिसानोबाईंनाही गल्ली होरी या आडनावाने 'होरीसान' म्हणे.) यंदा गल्लीचं प्रमुखपद त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी जन्मसिद्ध हक्क असल्यासारखं सांभाळलं होतं. त्यांचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी टेकडीखालच्या बसथांब्यावर माणसं वळून बघायची.

"फुकट?" मियोशी-सान म्हणाल्या. "होरीसान, फुकटाइतकं महाग जगात काही नसतं! माझ्या बहिणीने अशीच फुकटची माती घेतली. निघालं काय? सुगिना! ते घोड्याच्या शेपटीसारखं तण! चार वर्षं उपटतेय बिचारी. आता तिची कंबरच तशी राहिलीय, सुगिना उपटल्यासारखी."

"शिवाय तणनाशक," मागून आवाज आला. नुमाता-सान होते. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून शर्टाची इस्त्री स्वतः करायचे, आणि ती फक्त पुढच्या बाजूला करायचे. "शेतात काय मारलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे? नाही. मातीत काच आहे का? ठाऊक नाही. आम्ल किती? ठाऊक नाही. गृहीत धरू नये, होरीसान. आधी तपासावं, मग घ्यावं."

"मी तेच म्हणत होते," मियोशी-सान म्हणाल्या.

"तुम्ही बहिणीच्या कंबरेबद्दल म्हणत होता."

हिसानोबाईंना दोघांचं पटलं. त्या मुळातच पटवून घेणाऱ्या होत्या. घरी जाऊन त्यांनी ठेकेदाराला फोन लावला आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की आधी तपासण्यापुरती एक बादलीभर माती हवी आहे.

"बादली?" ठेकेदार म्हणाला. मागे यंत्राची घरघर चालू होती. "बादलीसाठी कुठे चढ चढता, आजी. आमचा दोन टनी ट्रक उद्या तुमच्याच टेकडीवरून जातोय. भरून आणून टाकतो. कसं?"

"केक्को देस," हिसानोबाई म्हणाल्या.

आता या शब्दाचे अर्थ दोन. एक, "उत्तम". दुसरा, "नको, पुरे". समोरासमोर असलं की अडचण येत नाही. तोंडापुढे हात हलवला की नको, वाकून हसलं की उत्तम. निघताना "येते" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी यात हसण्यासारखं काही नाही. हिसानोबाईंनी फोनवरसुद्धा तोंडापुढे हात हलवला होता. सगळं अगदी शास्त्राप्रमाणे केलं होतं. पण टेलिफोनच्या तारेतून हात जात नाही.

सकाळी त्या दात घासत असताना घराच्या पुढे मोठा आवाज झाला. बाहेर येऊन बघतात तो खडीचा चौकोन नाहीसा झाला होता. त्याच्या जागी छातीएवढा उंच काळा डोंगर उभा होता आणि ट्रकवाला टोपी काढून, वाकून म्हणत होता, "आवडली ना? शेतातली आहे, एक नंबर!" हिसानोबाईंच्या तोंडात ब्रश होता. त्या काहीतरी म्हणाल्या, त्याचाही अर्थ त्याने "उत्तम" असाच घेतला.

ठेकेदाराचा फोन वाजून वाजून थकला. खोदाईची टोळी दुसऱ्या गावी गेली होती. मग हिसानोबाईंनी नगरपालिकेला फोन केला, कारण माती तपासायच्या आधीच आली होती आणि तपासून वाईट निघाली तर टाकायची कुठे, हे ठाऊक असलेलं बरं. कचरा विभागातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "माती हा कचरा नाही, ती निसर्गवस्तू आहे, म्हणून आम्ही उचलत नाही." मग कोण उचलतं? उद्यान विभागाला विचारा. उद्यान विभाग म्हणाला, आम्ही उद्यानातली माती बघतो, घरची नाही. शेती विभागाला विचारा. शेती विभागाने विचारलं, आपण शेतकरी आहात का? नाही. मग रस्ते विभागाला विचारा. रस्ते विभागाने विचारलं, माती रस्त्यावर आहे का? नाही. "मग रस्त्यावर आली की फोन करा," तो गृहस्थ म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं.

संध्याकाळी तोमोहारुचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली, हे विचारायची गरज नव्हती. मियोशी-सानकडे त्याचा नंबर अडीअडचणीसाठी होता.

"आई, तू माती मागवलीस? ट्रकभर?"

"मागवली नाही. नको म्हटलं होतं."

"नको म्हटल्यावर ट्रकभर माती येते?"

"येते," हिसानोबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

मग तोमोहारु हळू आवाजात, मोठ्या माणसाने लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "आई, इथे आमच्या जवळ एक छान जागा आहे. जेवणखाण, डॉक्टर, सगळं तिथेच. माणसंही असतात गं बोलायला." हिसानोबाईंच्या मनाला ते फार लागलं. नवऱ्याच्या कंपनीच्या सहलीचा हिशेब वर्षानुवर्षं बिनचूक ठेवणारी बाई, आणि एक ढिगारा दारात आला म्हणून वेडी ठरली! त्या म्हणाल्या, "माती तपासल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही." वाक्याचा नीट अर्थ त्यांनाही लागला नाही, पण म्हणताना बरं वाटलं.

आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली.

आधी मियोशी-सान आल्या. त्यांनी मूठभर माती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि जत्रेतल्या भविष्यवाल्यासारखं बराच वेळ थांबून म्हणाल्या, "पावसानंतरच्या जंगलासारखा वास येतोय. चांगली आहे." मग जरा हुंगून, "पण खाली कुठेतरी मांजर आहे." ते खरं होतं. गल्लीतल्या सगळ्या मांजरांना एका रात्रीत कळलं होतं की होरीबाईंनी त्यांच्यासाठी काळ्या मातीचं स्वच्छतागृह बांधलं आहे.

मग नुमाता-सान आले. त्यांनी ओली माती तळव्यांमध्ये वळून तिची दोरी केली. दोरी लगेच तुटली तर वाळू, तुटलीच नाही तर चिकणमाती, थोडी टिकून तुटली तर उत्तम, असं त्यांनी फळ्यासमोर उभं असल्याच्या थाटात सांगितलं. दोरी थोडी टिकून तुटली. "तरी गृहीत धरू नये," ते म्हणाले.

मग वरच्या आळीतली ओतोमे-आजी काठी टेकत आली. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. वसाहत व्हायच्या आधी ही टेकडी म्हणजे तिच्या सासऱ्याचं शेत होतं, आणि तिच्या मते ती अजूनही तिचीच होती. बाकीचे सगळे उतारू. तिने चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"अगं आजी, थुंक! थुंक आधी!" मियोशी-सान ओरडल्या. "मांजर!"

"गप गं," आजी माती चघळत म्हणाली. "आंबट नाही. जराशी लोखंडी लागते. माझ्या सासूच्या सूपापेक्षा बरी." मग हिसानोबाईंकडे वळून, "तोंड धुवायला चहा दे."

तर चहा झाला. चार माणसं ओट्यावर पाय सोडून बसली, आणि हिसानोबाईंनी वरच्या फळीवरचे पाहुण्यांचे पेले काढले. त्यांवर धूळ होती. धुताना पाण्याच्या आवाजातूनही त्यांना बाहेरची बोलणी ऐकू येत होती, मियोशी-सान काही सांगत होत्या, आजी "काय? काय?" करत होती, आणि हिसानोबाईंनी पेले जरुरीपेक्षा जास्त वेळ धुतले.

चहाबरोबर तांदळाच्या कडक चकत्या दिल्या म्हणून मियोशी-सान दुसऱ्या दिवशी मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. लोणच्याच्या वाटीत हिसानोबाईंनी संत्री घालून वाटी परत केली. संत्र्यांच्या बदल्यात भोपळ्याची भाजी आली. नुमाता-सानना स्वयंपाक जमत नसे, त्यांनी दुकानातून रताळ्याची मिठाई आणली, कागदी वेष्टनासकट, जणू कोणाच्या लग्नाला आले आहेत. परतफेडीची परतफेड, तिचीही परतफेड. आठवड्याभरात हिसानोबाईंच्या घरी इतकं खाणं साठलं की मातीत काही पिकवायची गरजच उरली नव्हती.

पण माती तपासायची होतीच. नुमाता-सान म्हणाले, वास, चव, दोरी, ही सगळी लोकांची मतं झाली, पुरावा हवा. त्यांनी उमेची आंबट फळं खारवायची एक मोठी काचेची बरणी मागितली, तिच्यात तिसरा हिस्सा माती घातली, वर पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी दोन्ही हातांनी घुसळून मेजावर ठेवली. "आता हात लावू नका. वाळू लगेच खाली बसेल, तिच्यावर गाळ, त्याच्यावर चिकणमाती. उद्यापरवापर्यंत पाणी निवळलं की थर पट्टीने मोजायचे. मग मातीची सगळी कुंडली आपल्या हातात." मियोशी-साननी, आपण मागे पडू नये म्हणून, टोफूच्या दोन रिकाम्या खोक्यांत कोमात्सुनाचं बी पेरलं. एका खोक्यात दुकानातली माती, दुसऱ्यात ही. ही कोवळी पालेभाजी मातीतलं वाईट लगेच दाखवते, पानं पिवळी पडतात, मुळं आखडतात, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं.

त्या संध्याकाळी मेज पुसताना हिसानोबाईंनी बरणी जरा बाजूला सरकवली आणि ती कडेला आपटली. आतलं पाणी, जे वरून निवळायला लागलं होतं, परत काळंभोर झालं. त्या घाबरल्या. रात्रभर शास्त्राचा अपमान केल्यासारखं वाटत राहिलं.

सकाळी नुमाता-सान पट्टी घेऊन आले, डोळे बारीक करून बघितलं. "अजून गढूळ. विचित्र आहे." त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "उद्या परत येतो."

उद्या परत येतो. हिसानोबाई दारात उभ्या राहून त्यांच्या शर्टाची चुरगळलेली पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. दिवसभर त्या घरात फिरताना ते तीन शब्द त्यांच्याबरोबर फिरत होते. संध्याकाळी मेज पुसायचं नव्हतं. मेज स्वच्छ होतं. तरी त्या बरणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पाणी वरून बोटभर निवळलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी बघत होतं, आणि बरणी उचलून चांगली दणकून हलवली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. दिवे लागायच्या वेळी बरणी हलवायची, सकाळी तोंडावर काळजी आणून दार उघडायचं. नुमाता-सान चक्रावले होते. त्यांनी कपाटातून जुनी पाठ्यपुस्तकं काढली, भिंग आणलं. "इतकी बारीक चिकणमाती मी शाळेच्या नोकरीत पाहिली नाही." मियोशी-सान म्हणाल्या, "मला वाटतं भुताटकी आहे." आजीने बरणीकडे बघून निकाल दिला, "माझ्या सुनेसारखी आहे. कधी निवळतच नाही." आणि सगळे बसायचे. चहा व्हायचा. मियोशी-सान आणि नुमाता-सान यांचं भांडण व्हायचं. ते आता इतकं रंगत असे की आजी त्या वेळेला मुद्दाम येत असे.

मध्येच पाऊस झाला. ढिगाऱ्याची एक बाजू घसरली आणि काळा चिखल फाटकातून वाहत थेट मियोशी-सानच्या दारात गेला. आता माती रस्त्यावर आली होती, तेव्हा हिसानोबाईंनी कबूल केल्याप्रमाणे रस्ते विभागाला फोन केला. एक तरुण अधिकारी हेल्मेट घालून आला. त्याने ढिगाऱ्याची उंची मोजली, रुंदी मोजली, फोटो काढले, आणि फोनवर वरिष्ठांशी बराच वेळ बोलून म्हणाला, "बाई, हा भराव म्हणून मोजण्याइतका उंच नाही. कचरा नाही. बांधकाम नाही. तेव्हा सरकारी दृष्टीने हा ढीग इथे नाही."

"मग माझ्या दारात काय आहे?" मियोशी-साननी चिखलात रुतलेला बूट उचलून दाखवला.

"ते तुम्ही आपसात बघा," अधिकारी म्हणाला. मग त्याने बरणी पाहिली, बरणीबद्दल विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत आजीने त्याला चहा प्यायला बसवलं.

चिखल सगळ्यांनी मिळून काढला. हिसानोबाई शरमेने अर्ध्या झाल्या होत्या, दर फावड्यामागे एकदा माफी मागत होत्या. मियोशी-सान शेवटी म्हणाल्या, "होरीसान, पुरे हो. माझा नवरा गेल्यापासून माझ्या दारात एवढी माणसं आलीच नव्हती." आणि मग, आपण काय बोललो हे लक्षात आल्यासारखं, एकदम मोठ्याने फावडं आपटायला लागल्या.

दरम्यान कोमात्सुना उगवला. दोन्ही खोक्यांत सारखाच, गडद हिरवा, टवटवीत. मुळं काढून पाहिली, सरळ, पांढरी. फुकटच्या खोक्यातला तर बोटभर उंचच. हिसानोबाईंना त्या रोपांचं काही करता आलं असतं, एखादं पान चिमटून पिवळं पाडता आलं असतं. एका संध्याकाळी हात तिथवर गेलाही होता. पण त्यांच्याच्याने झालं नाही. बरणी ती बरणी. रोप ते रोप.

"लागला निकाल!" मियोशी-सान म्हणाल्या. "माती चांगली आहे. अभिनंदन, होरीसान!"

हिसानोबाईंनी वाकून आभार मानले. माती चांगली, म्हणजे परीक्षा संपली. परीक्षा संपली, म्हणजे उद्या सकाळी दार वाजायचं कारण संपलं.

"एका चाचणीने काही सिद्ध होत नाही," नुमाता-सान बरणीकडे बघत म्हणाले. "ही अजून गढूळ आहे. उद्या येतो."

पण संकट दुसरीकडूनच आलं. त्या दुपारी ठेकेदाराने स्वतः फोन केला. नगरपालिकेचा माणूस विचारपूस करत त्याच्यापर्यंत पोचला होता. "आजी, फार त्रास झाला म्हणे तुम्हाला. माफ करा हं. उद्याच माती उचलून नेतो आणि जागा होती तशी करून देतो. कसं?"

हिसानोबाई गांगरल्या. "केक्को देस," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तोंडापुढे हात आपण आत्ताही हलवला होता.

सकाळी ट्रक आला. मागे एक लहान यंत्र, दोन माणसं. नुमाता-सान पट्टी घेऊन येत होते, ते फाटकाशीच थांबले. मियोशी-सान झाडू घेऊन बाहेर आल्या. ट्रकवाल्याने टोपी काढली. "आजी, होती तशी जागा करून देतो. खडीसुद्धा झाडून!"

होती तशी जागा. हिसानोबाईंनी आयुष्यात कोणाला मोठ्या आवाजात नाही म्हटलं नव्हतं. त्या ढिगाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात पसरून, अंगात स्वयंपाकाचा एप्रन, पायात घरातल्या चपला.

"ही माती हलणार नाही!"

"अहो पण आजी, तुम्हीच काल..."

"काल मी नको म्हटलं! आधीही नकोच म्हटलं होतं! तेव्हा तुम्ही आणलीत, आता नेऊ नका! हिची परीक्षा चालू आहे!"

"मातीची परीक्षा?" ट्रकवाल्याने नुमाता-सानकडे पाहिलं. पुरुषाकडून काही शहाणपणाचं ऐकायला मिळेल अशी त्याला आशा असावी.

"निकाल लागायचा आहे," नुमाता-सान गंभीरपणे म्हणाले.

ट्रकवाला डोकं खाजवत निघून गेला. त्या दिवशी चहाला हिसानोबाईंनी कोणाला बोलावलं नाही आणि कोणी आलंही नाही. त्या आरडाओरड्यानंतर सगळ्यांना संकोच वाटला असावा. पट्टीसुद्धा खिशातच परत गेली. दुपार लांबली. तोमोहारुच्या आवाजातलं ते "माणसंही असतात गं" त्यांना आठवत राहिलं. आपण दारात उभं राहून मातीसाठी ओरडलो. खरंच आपलं डोकं फिरलं असेल का?

दिवे लागायची वेळ झाली. काल फोनच्या गडबडीत बरणी हलवायची राहून गेली होती, आणि आतलं पाणी आज पूर्ण निवळलं होतं. वाळू, गाळ, चिकणमाती, वर काडीकचऱ्याचा पातळ थर. एखाद्या ठेवणीतल्या मिठाईसारखे सरळ, सुंदर थर. कोणीही मोजावेत. हिसानोबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बरणी उचलली आणि सकाळची सगळी शरम हातांत उतरवून ती हलवली. बरणी निसटली.

आवाज टेकडीखालपर्यंत गेला असेल. हिसानोबाई एप्रनपासून चेहऱ्यापर्यंत चिखलाने माखून, काचांच्या मध्ये, कडेला कडेला पाय ठेवायला जागा शोधत उभ्या होत्या, तेव्हा मियोशी-सान दार न वाजवता आत आल्या, आणि त्यांच्या मागून नुमाता-सान, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

बरणी मेजावर नव्हती. मेजापासून चांगली चार पावलं दूर, खोलीच्या मधोमध फुटली होती. एवढ्या दूर बरणी स्वतःहून जात नाही.

हिसानोबाईंनी वाकून माफी मागायला सुरुवात केली. तशा वाकूनच राहिल्या. खाली काळं पाणी जमिनीवर पसरत होतं.

"होरीसान," नुमाता-सान म्हणाले, "चिकणमाती इतके दिवस तरंगत नसते. मी जन्मभर हेच शिकवलं."

"तुम्हाला... कधीपासून ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. झाकणावर आतून चिखलाचे थेंब असायचे. ताजे."

"मग रोज कशाला येत होता?"

नुमाता-सान खाली बसले आणि काचेचे मोठे तुकडे उचलून एकावर एक ठेवायला लागले.

"घरी बसून काय बघायचं होतं?" ते म्हणाले.

मियोशी-सान फरशी पुसायचं फडकं शोधत होत्या, त्यांना ते नेमकं कुठे असतं हे एव्हाना ठाऊक झालं होतं. त्या स्वयंपाकघरातून आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "म्हणजे मला एकटीलाच भुताटकी वाटत होती का? निदान मला तरी सांगायचं!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर बसथांब्याला कळलं असतं," नुमाता-सान म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, तोंडावर शिक्षकाचा कडक भाव आणला आणि हिसानोबाईंकडे न बघता म्हणाले, "थर मोजलेले नाहीत. नोंद नाही. निकाल नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"माझ्याकडे मोठी बरणी आहे," मियोशी-सान फडकं पिळत म्हणाल्या. "याहून मोठी. पण तिच्यात अजून लोणचं आहे, अर्ध्याहून जास्त."

"मग आधी ते संपवायला हवं," हिसानोबाई म्हणाल्या. "भाताबरोबर. चौघं मिळून रोज खाल्लं तर..."

"घाई नाही," नुमाता-सान म्हणाले.